दोन नळ्यांचा जुना रेग्युलेटर परत पाण्यात

टेबलावर हा जो गोल जाडजूड डबा दिसतोय आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी चुण्याचुण्यांच्या रबरी नळ्या लोंबतायत, तो यू.एस. डायव्हर्स कंपनीचा डीए अ‍ॅक्वा-मास्टर रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली दाबाखालची हवा श्वास घेता येईल अशी करून देणारं यंत्र, 1950 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत बाजारात आलेलं मॉडेल. तारकर्लीला वगैरे ज्यांनी स्कुबा केलंय त्यांच्या तोंडात एका नळीचा छोटा रेग्युलेटर दिला असेल, हा त्याच्या आधीच्या पिढीतला, म्हणजे सगळी मशिनरी पाठीवर सिलिंडरच्या व्हॉल्व्हलाच बसवलेली आणि तोंडाशी नुसता माउथपीस. अमेरिकेत कुणाकुणाच्या आजोबांच्या गॅरेजमधून असे पीस अजून निघतात, लोक ते चकाचक करून शोकेसमध्ये ठेवतात, ठेवू देत बापडे. आपल्याला यातून पाण्याखाली श्वास घ्यायचाय.

कडेच्या क्लिपा काढल्या, डबा उघडला. आतला डायफ्रॅम बघा, बशीएवढा रबराचा पडदा, पाण्याचा दाब आणि आपला श्वास याला जाणवतो तशी हवा सुटते, बोटाने जरा वाकवला तर कडेला तडकला. पितळ इतक्या वर्षांनी ठणठणीत आणि रबर मात्र कामातून गेलेलं, या जुन्या मशिन्सचं बहुतेक वेळा असंच असतं. आणि डायफ्रॅमच्या शेजारी हा चपट्या तोंडाचा तुकडा, हा डकबिल, श्वास सोडल्यावर हवा बाहेर जायचा व्हॉल्व्ह, तोही चिकटून बसलाय.

आता सोडलेली हवा परत पाठीपर्यंत कशाला न्यायची, तोंडापाशीच सोडून द्यायची ना? 1943 मध्ये फ्रान्समध्ये नौदलातला जॅक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी नेमकं तेच केलं होतं. गान्यां एअर लिक्विड कंपनीतला इंजिनिअर, युद्धात पेट्रोल मिळेना म्हणून गाड्या गॅसवर चालवायचा व्हॉल्व्ह त्याने बनवला होता आणि तीच आयडिया त्यांनी पाण्याखाली श्वास घेण्यासाठी वापरली. मार्न नदीत ट्रायल झाली, आडवं पोहताना मस्त, पण कुस्तो सरळ उभा राहिला की हवा नुसती वाहून जायची आणि डोकं खाली केलं की मिळायचीच नाही. कारण श्वास सोडायची जागा आणि डायफ्रॅम वेगवेगळ्या खोलीवर, त्यामुळे पाण्याचा दाबही वेगळा. मग दोन्ही शेजारी शेजारी आणले आणि गाडी रुळावर आली. दुसरी नळी त्यासाठी आहे, उजवीकडून हवा येते, डावीकडून जाते.

नवीन डायफ्रॅम आणि डकबिल आता सिलिकॉनचे मिळतात. काही जणांना ते खपत नाही, सगळं ओरिजिनल पाहिजे म्हणतात. माझ्या मते ओरिजिनलचा हट्ट डब्यावरच्या लेबलपुरता ठेवावा, श्वास ज्याच्या भरवशावर चालणार ते रबर नवीनच पाहिजे, त्यात भावनेचं काही नाही.

पितळेचे पार्ट गरम पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर घालून काही मिनिटं बुडवायचे, हिरवा थर सुटतो. जास्त वेळ ठेवलं तर पितळेतलं झिंक निघून जातं आणि रंग गुलाबी पडतो, म्हणून टेबल सोडून चहाला जायचं नाही. मग नवीन ओ-रिंग (हवा गळू न देणारी रबरी कडी), नवीन सीट (व्हॉल्व्ह जिच्यावर टेकून बंद होतो ती गादी), थोडंसं सिलिकॉन ग्रीस, आणि मग दाब मोजायचं गेज लावायचं. सिलिंडरमधली दोन हजारावर पीएसआयची (पीएसआय हे दाबाचं माप) हवा पहिल्या स्टेजमध्ये, म्हणजे दाब उतरवायच्या पहिल्या टप्प्यात, शंभर-सव्वाशेच्या आसपास उतरते, तिथे काटा स्थिर राहिला पाहिजे. हळूहळू वर सरकायला लागला तर त्याला क्रीप म्हणतात, म्हणजे सीट गळतेय, परत खोला. काटा स्थिर असला तरी लिव्हरची, म्हणजे डायफ्रॅम जिला दाबून हवा सोडतो त्या पट्टीची, उंची बघायची राहतेच, जास्त झाली तर हवा आपोआप सुटते, कमी झाली तर श्वास ओढताना छाती दुखते.

सिलिंडरचा विषय वेगळा. जुन्या स्टीलच्या टाक्या आतून गंजलेल्या नसतील तर चालतात, अमेरिकेत दर 5 वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने टाकीची तपासणी, लागते. काही डायव्ह शॉप टेस्टचा शिक्का बघूनसुद्धा जुनी टाकी भरून देत नाहीत, त्यांच्याशी वाद घालून उपयोग नसतो. त्या काळी प्रेशर गेज सगळ्यांकडे नसायचं, जे-व्हॉल्व्ह असायचा, टाकीत साधारण 300 पीएसआय उरले की श्वास जड व्हायचा, मग राखीव हवा सोडणारी दांडी खाली ओढायची आणि वर निघायचं. पण दांडी कशाला तरी अडकून आधीच खाली आलेली असली तर संपलंच! म्हणून आज हौशी लोक मध्ये एक फिटिंग टाकून गेज जोडतात आणि सोबतीला मॉडर्न किटवाला बडी, म्हणजे जोडीदार, ठेवतात.

पाण्यात पहिली गोष्ट जाणवते ती बुडबुड्यांची, ते डोक्यामागून वर जातात, तोंडासमोर काही नाही, फोटोग्राफर लोकांना हा प्रकार आवडायचा तो यामुळेच. दुसरं म्हणजे पालथं पोहताना हवा जरा ओढून घ्यावी लागते आणि उताणं झालं की न मागता तोंडात येते. माउथपीस सुटून वर तरंगला तर धो धो हवा सुटते, घाबरायचं नाही, पकडून खाली आणायचा. पाणी शिरलं असेल तर डाव्या कुशीवर वळून जोरात फुंकायचं, निघून जातं.

डायव्हनंतर गोड्या पाण्याने धुताना हवा आत येते त्या नळीत पाणी जाऊ द्यायचं नाही, ते थेट डब्यात उतरतं. नळ्या काढून सावलीत उभ्या टांगायच्या, उन्हात अजिबात नाही, आणि चुण्यांमधलं पाणी पूर्ण निथळल्याशिवाय परत लावायच्या नाहीत, नाहीतर बुरशी धरते आणि पुढच्या डायव्हला तो वास थेट फुफ्फुसात.