अट्टहास: एका कान्याचं अंतर

(दृश्य: ध्वनिमुद्रणाची काचेची खोली. स्टँडवर संहितेचं पान. कॅमेरा हळूहळू एका ओळीवर.)

पानावर संवाद नाही. कंसात एकच शब्द आहे: अट्टहास.

आवाज देणारा कलाकार माइकपासून पाऊलभर मागे सरकतो. पोटात श्वास भरून घेतो. आधी घशात घरघर, मग छातीतून एक हुंकार, आणि मग खोली भरून टाकणारं ते हसू. काचेपलीकडे पडद्यावरची पट्टी हिरव्यातून थेट लाल होते.

पाचव्यांदा हसून झाल्यावर काचेपलीकडून आवाज येतो, "अहो, आता पुन्हा घ्यायचा अट्टाहास कशाला? तिसराच टेक चांगला होता!"

पानावर अट्टहास, तोंडी अट्टाहास. मध्ये फक्त एक काना. पहिल्यात हसू आहे, दुसऱ्यात हसण्यासारखं काहीच नाही.

(दृश्य: काळ्या पडद्यावर शब्द फुटून दोन होतात: अट्ट, हास.)

संस्कृतात 'अट्ट' म्हणजे उंच, मोठ्ठा. तटावरचा बुरूज, वरचा मजला यांनाही अट्टच म्हणतात. अट्टालिका त्याच घरातली. 'हास' म्हणजे हसणं. म्हणजे अट्टहास हे मजल्यावर मजले चढवलेलं हसू म्हणायचं. आपण मराठीत एखाद्याच्या हसण्याला 'सातमजली' म्हणतो, तेव्हा नकळत तीच इमारत पुन्हा बांधत असतो. या दोन शब्दांचं नातं कुणी सिद्ध केलंय असं नाही, पण जोडी जमते खरी.

या शब्दाचं सगळ्यात देखणं रूप कालिदासाच्या मेघदूतात दिसतं. यक्ष मेघाला कैलासाची ओळख करून देतो: कुमुदांसारखी पांढरीशुभ्र शिखरं, आकाश व्यापून उभी. जणू 'राशीभूतः प्रतिदिनमिव त्र्यम्बकस्याट्टहासः'. शंकराचा रोजचा अट्टहास साठत गेला आणि त्याचा हा ढीग झाला! बर्फ म्हणजे गोठलेलं हसू. ही कल्पना अधांतरी नाही. संस्कृत कवींच्या संकेतात हसू पांढरंच असतं, आणि भरताच्या नाट्यशास्त्रातही हास्यरसाचा वर्ण पांढरा सांगितला आहे.

(दृश्य: नटाचा चेहरा, अगदी जवळून. भाव एकेक करून बदलत जातात.)

त्याच नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात हसण्याच्या पायऱ्या आहेत. स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित. स्मितात गाल जरासे फुलतात, दात दिसत नाहीत. हसितात दात किंचित दिसतात. उपहसितात नाकपुड्या फुलतात, नजर वाकडी होते. अतिहसितापर्यंत पोचलं, की डोळ्यांत पाणी, कर्कश आवाज आणि दोन्ही हातांनी धरलेल्या कुशी. पहिली दोन उत्तम पात्रांची, शेवटची दोन अधम पात्रांची. या सहांत अट्टहास हे नाव नाही. वर्णनावरून तो अतिहसिताच्या शेजारी बसेल, पण कैलासावर हसणाऱ्याला अधम कोण म्हणणार?

(दृश्य: पोथीची पानं. टाळांचा आवाज, दुरून.)

मराठीत मात्र शब्दानं वाट बदलली. सतराव्या शतकात तुकोबा म्हणतात, 'याजसाठी केला होता अट्टहास । शेवटचा दिस गोड व्हावा ॥' इथे कुणीही हसत नाही. आयुष्यभर केलेली धडपड, घेतलेला ध्यास, तो अट्टहास. गाथेच्या छापील प्रतींत हे रूप बिनकान्याचं सापडतं. म्हणायला लागलं की बहुतेकांच्या ओठांवर काना आपोआप येतो.

म्हणजे 'हट्ट' हा अर्थ अलीकडच्या अडाण्यांनी बिघडवला, असं म्हणायची सोय नाही. हसू गळालं आणि जोर उरला, एवढंच झालं असावं. जो आवेश आवाजात होता, तो कामात आला.

तुकोबांचा अट्टहास फळाला आला, म्हणून तिथे तो शब्द गोड लागतो. आज तो बहुधा दुसऱ्याच्या नावावर टाकायचा असतो. स्वतः करतो तो आग्रह, दुसरा करतो तो अट्टाहास! लेकरू करतं तो हट्ट. त्याला अट्टाहास म्हटलं तर कानाला खटकतं. गरज नसताना, परवडत नसताना, ताणून धरलेली मोठ्यांची गोष्ट लागते त्याला. प्रत्येक परक्या शब्दाला मराठी प्रतिशब्द हवाच, हाही एक अट्टाहास. तो करणाऱ्यांत मीही आहे.

गोंधळ होतो तो भाषांतरात. हिंदीत अट्टहास अजून खदाखदा हसतोच आहे. तिथून मराठीत येताना घाईत काना लागतो, आणि 'राक्षसाने अट्टाहास केला' असं वाक्य पडद्याखाली उमटतं. मराठी प्रेक्षकाला प्रश्न पडतो, कशाचा? हसूच सांगायचं असेल तर काना काढावा, नाहीतर सरळ 'विकट हास्य' लिहावं.

(दृश्य: पुन्हा ध्वनिमुद्रणाची खोली. कलाकार पाण्याचा घोट घेतो.)

काचेपलीकडे तिसरा टेक वाजतो. कलाकार डोळे मिटून ऐकतो, मान हलवतो आणि पुन्हा माइकपासून पाऊलभर मागे सरकतो.

"एकदाच. शेवटचा."

(पडदा काळा. हसू.)