बनियनांची वही

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय 'बनियन घराण्याचा शोध'. तो वाचून आमच्या सौ. म्हणाल्या, शोधायचं काय त्यात, कपाटात खालच्या कप्प्यात आहेत! तर ते बनियन नव्हेत. हा जॉन बनियन, इंग्लंडात बेडफर्डजवळच्या एलस्टो गावचा. हरि केशवजींनी 1841 साली 'यात्रिकक्रमण' या नावाने ज्याचं 'पिलग्रिम्स प्रोग्रेस' हे पुस्तक मराठीत आणलं, तोच. पहिल्या रांगेतल्या निवृत्त प्राध्यापकांनी मान डोलावली, म्हणजे परीक्षेपुरतं पाठ केलेलं अजून शाबूत आहे.

लेखक जॉनला मात्र मी आज बाहेरच उभं करणार आहे. मला त्याच्या घरात शिरायचंय. आजोबा थॉमस फेरीवाला, बाप थॉमस भांडी सांधणारा. आपला कल्हईवाला दारावर यायचा ना, जमिनीत खड्डा करून भाता लावायचा, नवसागराचा धूर नाकात जायचा, तसाच दारोदार फिरून पोट भरणारा. गाव त्याला टिंकर म्हणायचं. मृत्युपत्रात मात्र त्याने स्वतःला 'ब्रेझियर' लिहवून घेतलं. म्हणजे कल्हईवाला नाही हो, तांबट! शेवटच्या कागदावर तरी माणसाने बढती घ्यावी.

अशा माणसाचा माग काढायचा तर चर्चच्या नोंदवह्या. 1538 साली राजा आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने हुकूम काढला, की प्रत्येक पॅरिशने, म्हणजे गावोगावच्या चर्चने, बाप्तिस्मा, लग्न आणि दफन लिहून ठेवायचं. पेटीला दोन कुलपं, एक किल्ली पाद्र्याकडे, दुसरी चर्चच्या कारभाऱ्यांकडे. नोंद चुकली तर दंड 3 शिलिंग 4 पेन्स. हा दंड आपल्याकडे असता तर आज मी इथे नसतो, बंगल्यात असतो. का ते सांगतो.

माझ्या आडनावात एक मात्रा आहे. आडनाव परत सांगत नाही, अध्यक्षांनी मघाशी ते चुकीचं उच्चारलंच आहे. आजोबांच्या जन्माचा उतारा हवा होता म्हणून मी एका कचेरीत गेलो. कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूंची जुनी वही, निघालं. पानांना वाळवी, पण आजोबा जागेवर होते, फक्त मात्रेशिवाय. तिथले साहेब म्हणाले, हे तुमचे आजोबा नव्हेत. मी म्हटलं, गाव तेच, पणजोबांचं नाव तेच, तारीख तीच. ते म्हणाले, मात्रा कुठाय? मी म्हटलं, वाळवीने खाल्ली असेल. ते म्हणाले, तसा वाळवीचा दाखला आणा. हसताय तुम्ही! प्रतिज्ञापत्र झालं, वर्तमानपत्रात जाहिरात झाली, चौदा महिने गेले. शेवटी उतारा हातात आला, तर मात्रा आजोबांच्या डोक्यावर चढली होती आणि पणजोबांची गेली होती. तो कागद मी फ्रेम करून लावलाय. सौ.चं त्यावर वेगळं मत आहे.

हे सांगायचं कारण, बेडफर्डशायरच्या दप्तरांत बनियन हे नाव 34 प्रकारांनी लिहिलेलं सापडतं. त्या साहेबांनी 34 घराणी केली असती. 1628 सालची जॉनची नोंद बघा. 'थॉमस बनियन धाकटा याचा मुलगा जॉन, 30 नोव्हेंबर.' ही तारीख जन्माची नाही, बाप्तिस्म्याची. आणि तो 'धाकटा' शब्द महत्त्वाचा. त्या एका शब्दावरून कळतं, की थोरला थॉमस, आजोबा, तेव्हा हयात होता. नोंद नातवाची, खबर आजोबांची! दुसरी गंमत, त्यांचं सरकारी वर्ष 25 मार्चला बदलायचं, आपल्या पाडव्याच्या आसपास म्हणा ना. त्यामुळे बापाचा बाप्तिस्मा आपल्या हिशेबाने फेब्रुवारी 1603, पण वहीच्या हिशेबाने 1602. हे माहीत नसलं तर लग्नाआधी पोरं होतात आणि मेलेली माणसं साक्षीला येतात.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं. बरं. मुख्य मुद्दा तर राहिलाच.

मुद्दा एवढाच, की ही वही घराण्याची नाही, चर्चची आहे. आपण तिच्यात घर शोधतो, ती आपल्याला विधी दाखवते. 1644 बघा. जूनमध्ये जॉनची आई मार्गारेट पुरली, जुलैमध्ये बहीण मार्गारेट, ऑगस्टमध्ये बापाचं तिसरं लग्न. तीन ओळी. पोरगा पंधरा वर्षांचा. त्याच शरद ऋतूत तो राजाविरुद्ध लढणाऱ्या पार्लमेंटच्या फौजेत दिसतो. का गेला, हे वही सांगत नाही, तिचं ते कामच नव्हे.

पुढे जॉनची थोरली मेरी, आंधळी पोर. 20 जुलै 1650 ला तिचा बाप्तिस्मा. धाकटी एलिझाबेथ 14 एप्रिल 1654 ला 'जन्मली'. बाप्तिस्मा नाही, जन्म! कारण 1653 च्या कायद्याने वही पाद्र्याच्या हातून काढून सरकारी नोंदणीदाराकडे दिली होती. तोवर जॉनही सरकारी चर्च सोडून बेडफर्डच्या स्वतंत्र ख्रिस्ती मंडळीत गेला. त्याची पुढची मुलं एलस्टोच्या वहीत नाहीत. ती मेली नव्हती, बापाने देऊळ बदललं होतं. आणि या दोन मुलींची आई? तिचं नावच कुठे नाही. दुसरी बायको एलिझाबेथ आपल्याला ठाऊक, कारण तुरुंगातल्या नवऱ्याला सोडवायला ती 1661 मध्ये न्यायाधीशांसमोर उभी राहिली. पहिली कुठल्याच कचेरीत गेली नाही.

अध्यक्ष घड्याळ बघतायत. एकच मिनिट. बेडफर्डच्या संग्रहालयात जॉनची ऐरण ठेवलीय, सत्तावीस किलोची. तिच्यावर कोरलंय, 'जे. बनियन, हेल्स्टो, 1647'. गावाच्या नावाला एक 'ह' जादा, आणि प्रतिज्ञापत्र कुणी मागितलेलं नाही.