कॅमकॉर्डर घेताय? आधी झूम बघा

नमस्कार श्रोतेहो. मे महिन्याची सुट्टी तोंडावर आली की घरोघरी विषय निघतो, "मोबाईल असताना कॅमकॉर्डर कशाला?" बारसं, वाढदिवस, रंकाळ्यावरची भेळ यांना मोबाईल पुरतो, खोटं कशाला बोला! पण शाहू स्टेडियमच्या वरच्या पायरीवरून लेकाचा फुटबॉल सामना किंवा दाजीपूरच्या जंगलात लांब चरणारा गवा टिपायचा म्हटलं, की मोबाईलच्या चित्राचा पार चुरा होतो.

म्हणून पहिली गोष्ट झूमची. खोक्यावर ठळक छापलेला भलामोठा आकडा बहुतेक डिजिटल झूमचा असतो. त्यात चित्र नुसतं ताणलं जातं. बारीक अक्षरातला ऑप्टिकल झूम शोधा. भिंगं सरकून दृश्य खरोखर जवळ येतं ते त्यात. वीस पट असला तर घरच्या वापराला भरपूर.

झूम वाढला की हाताची थरथरही वाढते. राजारामपुरीतल्या एखाद्या दुकानात गेलात तर दारात उभे राहा, समोरच्या बाजूच्या पाटीवर पूर्ण झूम करा आणि एका हातानं दहा सेकंद धरा. अक्षरं नाचली, तर तो कॅमेरा खाली ठेवा. विक्रेता काही का म्हणेना.

फोर-के, म्हणजे फुल एचडीच्या चौपट बारकाव्याचं चित्रण, हवंच असं नाही. सेकंदाला १०० मेगाबिटच्या दर्जाला तासाला सुमारे ४५ जीबी लागतात, म्हणजे ६४ जीबीचं कार्ड दीड तासही टिकत नाही. टीव्हीवर बघायला फुल एचडी उत्तम. आणि हो, पाहुण्यांनी अमेरिकेतून आणलेला कॅमेरा असेल तर सेकंदाला २५ किंवा ५० फ्रेमची, म्हणजे चित्रांची, सोय आहे का तपासा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ६० फ्रेमवर ट्यूबलाइटखालचं चित्र लुकलुकू शकतं.

मसाई पठारावरचा वारा आवाज खाऊन टाकतो. बाहेरचा माइक जोडायला खाच हवीच, माइकला केसाळ टोपीही हवी.

जोतिबाच्या चैत्र यात्रेत मात्र जपा. गुलाल भिंगावर बसला तर रुमालानं पुसू नका, चरे पडतात. आधी रबरी फुग्यानं फुंकून उडवा, मग मऊ ब्रश फिरवा. भिंगाला आटे असतील तर पुढं यूव्ही फिल्टर लावून ठेवा, म्हणजे चरा पडलाच तर त्याच्यावर पडेल.

पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड चालणाऱ्यांनी कॅमकॉर्डर घरीच ठेवावा. तिथं पाण्याला न घाबरणारा छोटा ॲक्शन कॅमेरा बरा. झूम नसला तरी चालतंय, त्या धुक्यात लांबचं दिसतंय कुठं?