अणुइंधन साठवणुकीचा परवाना: भिंत किती जाड ते सोडा, आत काय ठेवणार ते विचारा

तारापूरचा व्हिडिओ टाकल्यापासून कमेंटमध्ये एकच प्रश्न फिरतोय. बोईसरहून आला, चिंचणीहून आला, चेंबूर-मानखुर्दवाल्यांनीही विचारला: वापरलेलं अणुइंधन साठवायच्या जागेला परवाना कोण देतं, आणि तिची भिंत किती जाड असते? पहिलं उत्तर झटपट देते. दुसऱ्यावर मात्र आज जरा तापणार आहे.

परवाना देतं अणुऊर्जा नियामक मंडळ, म्हणजे एईआरबी. स्थापना १९८३, ऑफिस आपल्या अणुशक्तीनगरात, नियामक भवन. टप्पे पाच: जागा, बांधकाम, कमिशनिंग (म्हणजे चाचण्या घेऊन सुरू करणं), चालवणं आणि शेवटी मोडीत काढणं. प्रत्येकाला वेगळी संमती. जागेसाठी भूकंप, पूर, किनाऱ्यावर असाल तर वादळाची लाट आणि त्सुनामी यांचा अहवाल. बांधकामासाठी प्राथमिक सुरक्षा विश्लेषण अहवाल. चालवण्याआधी तोच अहवाल अंतिम स्वरूपात, सोबत टेक स्पेक (चालवताना ओलांडायच्या नाहीत अशा मर्यादांची यादी), रेडिएशन संरक्षणाची आणि आणीबाणीची योजना. हे सगळं एकावर एक अशा समित्यांच्या चाळणीतून जातं. चालवायचा परवाना जास्तीत जास्त ५ वर्षांचा, मग नूतनीकरण. दर १० वर्षांनी मुळापासून आढावा.

डोसची, म्हणजे शरीराला मिळणाऱ्या किरणोत्साराची, मर्यादा (मोजतात मिलिसिव्हर्टमध्ये): कर्मचाऱ्याला ५ वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. बाहेरच्या माणसाला वर्षाला १ मिलिसिव्हर्ट, आणि हा १ त्या साइटवरच्या सगळ्या प्लांटचा मिळून. म्हणजे नवीन साठवणुकीला रिअॅक्टरांच्या वाट्यातून उरलेल्या जागेत बसायचं असतं. आपल्याकडे हे इंधन कचरा धरत नाहीत, पुढे रीप्रोसेसिंगला, म्हणजे त्यातलं कामाचं युरेनियम-प्लुटोनियम वेगळं काढायला, जायचं असतं. त्यामुळे इथे विषय साठवणुकीचा आहे, कायमचं पुरण्याचा नाही. झाले बेसिक्स.

आता भिंत.

भिंतीचा हिशोब सगळ्यात शेवटी होतो. आत काय येणार हे ठरलं की काँक्रीटची जाडी गणितातून निघते. पूल, म्हणजे इंधन बुडवून ठेवायचा पाण्याचा हौद, असेल तर बरीचशी ढाल इंधनावरचं काही मीटर पाणीच असतं. परवाना ज्यावर उभा असतो ती गोष्ट अहवालातल्या एका कंटाळवाण्या तक्त्यात असते.

(स्क्रीनवर: तक्त्याचे चार रकाने)

इंधनाचा प्रकार. सुरुवातीचं एनरिचमेंट, म्हणजे इंधनात युरेनियम-२३५ चं प्रमाण किती वाढवलं होतं. बर्नअप, म्हणजे एका टनातून किती ऊर्जा काढली. आणि रिअॅक्टरमधून काढून किती वर्षं झाली, ज्याला कूलिंग टाइम म्हणतात. या चार आकड्यांची वरची किंवा खालची मर्यादा म्हणजे तुमचा परवाना. तीन बाजूंनी दाखवते, कारण कमेंट वाचून वाटतं एका बाजूने पुरणार नाही.

बाजू पहिली, उष्णता. रिअॅक्टर बंद केला त्या क्षणी इंधनातून मूळ उष्णतेच्या ६ ते ७ टक्के उष्णता निघत असते. दिवसाभरात ती अर्ध्या टक्क्यापर्यंत येते. पुढचा उतार मंद. हलक्या, म्हणजे साध्या, पाण्याच्या रिअॅक्टरचं नेहमीच्या बर्नअपचं एक टन इंधन घेतलं तर १ वर्षाने साधारण १० किलोवॅट, ५ वर्षांनी २ च्या आसपास, १० वर्षांनी १ च्या थोडं वर. आता तीच इमारत घ्या, तीच भिंत. १० वर्षं जुन्या इंधनाऐवजी ५ वर्षांचं भरलंत तर उष्णता जवळपास दुप्पट. पंप, हीट एक्स्चेंजर, वीज गेली तर पाणी उकळायला लागणारा वेळ, सगळे आकडे बदलले. भिंतीने काय केलं? काही नाही.

अर्जांमध्ये घोटाळा होतो तो इथेच. अर्जदार लिहितो, 'सरासरी कूलिंग टाइम १० वर्षं.' सरासरीचा इथे काय उपयोग? एका कोपऱ्यात ४ वर्षांचं इंधन दाटीवाटीने ठेवलं तर तो कोपरा सरासरीने थंड होत नाही. तपासणारा विचारतो, सगळ्यात ताजं कोणतं, आणि ते कुठे ठेवणार? याचं उत्तर टेक स्पेकमध्ये मर्यादा म्हणून उतरलं पाहिजे.

फुकुशिमाचं उदाहरण सगळे देतात, पण अर्धंच. २०११ च्या त्सुनामीत तिथली ड्राय कास्कची (इंधन पाण्याशिवाय ठेवायच्या जाड धातूच्या पिंपांची) इमारतही पाण्याखाली गेली होती. आत ९ कास्क, त्यांत ४०८ असेंब्ली, म्हणजे इंधनाच्या कांड्यांचे जुडगे. वीज नाही, इमारतीत चिखल, पण कास्क शाबूत राहिले. कास्क भक्कम होते हे खरंच. पण आतलं इंधन इतकं निवलेलं होतं की नुसत्या हवेवर भागत होतं, हे तितकंच महत्त्वाचं. रिअॅक्टरमधून नुकतंच काढलेलं इंधन मुळात अशा कास्कमध्ये घालताच येत नाही.

बाजू दुसरी, क्रिटिकॅलिटी. साठवणुकीत साखळी प्रक्रिया सुरू होता कामा नये. त्यासाठी के-इफेक्टिव्ह (हा आकडा १ झाला की साखळी आपोआप चालू राहते) सगळ्या अनिश्चितता धरून ०.९५ च्या वर जाणार नाही असं दाखवावं लागतं. तारापूरच्या ३ आणि ४ नंबरच्या रिअॅक्टरचं इंधन नैसर्गिक युरेनियमचं. साधारण अर्धा मीटर लांबीचं बंडल. साध्या पाण्यात ते कितीही रचा, क्रिटिकल होत नाही, त्यामुळे अर्जातलं हे प्रकरण छोटं. तारापूर १ आणि २, किंवा कुडनकुलम इथलं इंधन एनरिच्ड. तिथे रॅकमधलं अंतर, न्यूट्रॉन शोषणाऱ्या बोरॉनच्या पट्ट्या, सगळं मोजावं लागतं.

या पट्ट्याही म्हाताऱ्या होतात बरं का. अमेरिकेत बोराफ्लेक्स नावाचं साहित्य रॅकमध्ये वापरलं होतं. गॅमा किरणांनी ते आकसलं, त्यात फटी पडल्या, पाण्यात सिलिका वाढायला लागली. रॅक बाहेरून जसेच्या तसे, आतलं बोरॉन मात्र कमी होत चाललेलं. म्हणून आता अर्जात विचारतात: पट्टीचे नमुने पुलात टांगून ठेवणार का, आणि किती वर्षांनी बाहेर काढून तपासणार?

बाजू तिसरी, आणि इथे कोणी लक्षच देत नाही: आत जे लिहिलंय तेच आहे हे कशावरून? असेंब्लीवर कोरलेला नंबर असतो. इंधन हलवताना पाण्याखालच्या कॅमेऱ्याने तो नंबर वाचायचा, रॅकच्या नकाशातल्या खान्याशी जुळवायचा, आणि दुसऱ्या माणसाने स्वतंत्रपणे पुन्हा वाचायचा. पहिल्याच्या कागदावर नुसती टिक मारायची नाही. वर्षानुवर्षं पाण्यात राहिलेल्या धातूवर साका धरलेला असतो, दिव्याची चमक येते, ३ चा ८ वाचला जातो. एक खाना चुकला तर भिंत, पंप, रॅक सगळं ठीक असूनही तुम्ही परवान्याच्या बाहेर. उष्णतेची आणि क्रिटिकॅलिटीची सगळी गणितं त्या नंबरावर उभी आहेत.

याचंच भावंड म्हणजे छोटे बदल. २०१८ च्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात सॅन ओनोफ्रे इथे इंधन भरण्याआधी एका रिकाम्या कॅनिस्टरमध्ये (इंधन भरून बंद करायच्या स्टीलच्या डब्यात) सुटलेली पिन सापडली. आतल्या आधाराच्या तुकड्यांचं डिझाइन बनवणाऱ्या कंपनीने बदललं होतं, आणि त्या बदलाची तपासणी हवी तशी झालीच नव्हती. हेतू वाईट नव्हता, उष्णता वाहून नेणारा आतला हेलियम वायू नीट फिरावा म्हणून केलेला बदल होता. पण 'किरकोळ आहे, कळवायला कशाला हवं' हे कोणी ठरवायचं, याचे नियम परवान्यातच असतात.

आता त्या रेल्वेच्या व्हिडिओबद्दल. प्रत्येक वेळी कोणीतरी खाली पेस्ट करतं: ब्रिटनमध्ये १९८४ साली ताशी १६० किलोमीटरने इंजिन अणुइंधन नेण्याच्या फ्लास्कवर आदळवलं आणि फ्लास्कला काही झालं नाही, 'मग परवाना कशाला अडवता?' दादा, ती वाहतुकीच्या पॅकेजची कसोटी आहे. ९ मीटरवरून पाडणं, ८०० अंशांच्या आगीत अर्धा तास, पाण्यात बुडवणं, हे सगळं वाहतुकीच्या मंजुरीसाठी. ती मंजुरी वेगळी असते. साठवणुकीत कास्क चाळीस-पन्नास वर्षं एका जागी बसणार. तिथला शत्रू इंजिन नाही, खारी हवा आहे. स्टेनलेस स्टीलच्या वेल्डजवळ क्लोराइड साचतं, ओलावा मिळतो, आणि ताणाखालच्या धातूला बारीक भेगा जाऊ शकतात. आपल्या किनाऱ्यावर, आपल्या पावसाळ्यात, या मुद्द्यावर पानंच्या पानं लिहावी लागतात.

दुसरा गोंधळ जनसुनावणीचा. 'एईआरबी लोकांचं ऐकत नाही' म्हणून जी सुनावणी सांगता, ती एईआरबीची नसतेच. ती पर्यावरण मंजुरीची पायरी, २००६ च्या ईआयए (पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन) अधिसूचनेखालची, आणि ती भरवतं राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ. किमान ३० दिवस आधी नोटीस हवी, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत हवा. कुडनकुलमच्या साठवणुकीसाठी २०१९ च्या जुलैमधली सुनावणी विरोधामुळे पुढे ढकलावी लागली होती. अशा सुनावणीला गेलात तर भिंतीवरून भांडू नका. मघाचा चार रकान्यांचा तक्ता मागा, आणि विचारा की सगळ्यात ताजं इंधन किती वर्षांचं असेल, आणि वीज गेल्यावर पाणी उकळायला किती तास लागतील. समोरच्याला उत्तर द्यावं लागतं.

शेवटची कमेंट: 'परवाना मिळालाच नाही तर?' तर इंधन जिथे आहे तिथेच, म्हणजे रिअॅक्टरशेजारच्या पुलात राहतं. तो पूल भरत जातो. त्यात एक अख्खा कोर, म्हणजे रिअॅक्टरमधलं सगळं इंधन, उतरवता येईल इतकी जागा कायम मोकळी ठेवायची असते, म्हणजे रिअॅक्टर कधीही रिकामा करता येतो. तारापूर ३ सारख्या रिअॅक्टरमध्ये ३९२ चॅनल (इंधनाच्या नळ्या), प्रत्येकात १३ बंडल, म्हणजे ५,०९६ बंडलांची जागा हातही न लावता सोडायची. बाकीची जागा संपली की नवीन इंधन घालणं थांबतं. म्हणूनच साठवणुकीचा अर्ज पूल भरत आल्यावर नाही, त्याच्या कैक वर्षं आधी करावा लागतो.