भिजू दे, पण वाळू दे

नमस्कार मंडळी. मी बर्गनहून बोलतेय, नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं शहर, आणि आत्ता खिडकीबाहेर पाऊस पडतोय. इथे वर्षाला २२०० मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, तोही आपल्यासारखा चार महिने धो-धो कोसळून मोकळा होणारा नाही, बाराही महिने, कधी बुरबुर तर कधी समुद्रावरून आडवी येणारी झड. माझं माहेर राजापूरकडचं, त्यामुळे पाऊस मला नवा नाही. नवल वाटलं ते घरांचं. आमच्याकडे लाकूड आत असायचं, वासे, तुळया, माडीची जमीन, आणि बाहेरची भिंत चिऱ्याची. इथे बाहेरची भिंतच लाकडाची, ती सगळा पाऊस अंगावर घेते आणि तरी शंभर-शंभर वर्षं उभी असते. हे कसं काय, ते मला कळलं एका कुजलेल्या फळीमुळे, म्हणून आधी तीच गोष्ट सांगते.

आम्ही जुनं घर घेतलं त्याच्या दुसऱ्या एप्रिलमध्ये रंग द्यायचा म्हणून भिंत धुवायला काढली, आणि पावसाच्या बाजूच्या भिंतीत, अगदी खाली, एका फळीत माझं बोट रुतलं. वरून रंग एकदम चांगला, आत भुसा. शेजारी एक आजोबा राहतात, आयुष्यभर सुतारकाम केलेले, ते कटावणी घेऊन आले आणि दोन मिनिटांत फळी उचकटून माझ्या हातात दिली. मागची बाजू काळी पडलेली, ओल्या पाचोळ्यासारखा वास येत होता. मग ते गुडघ्यावर बसले, भिंतीच्या तळाशी बोट घालून चाचपलं आणि पिवळ्या फोमचा एक लांब तुकडा ओढून बाहेर काढला. आधीच्या मालकाने उंदीर शिरू नयेत म्हणून खालची फट फोम मारून बंद केली होती. आजोबा म्हणाले, घराचं नाक बुजवलंय, ते श्वास कुठून घेणार. पुढे म्हणाले, लाकूड भिजू दे, पण वाळू दे.

मंडळी, नॉर्वेतल्या लाकडी घराचं सगळं शास्त्र मला या एका वाक्यात सापडलं. पाणी आलं म्हणून लाकूड कुजत नाही, पाणी आत अडकून बसलं की कुजतं, कारण बुरशीला सतत ओल लागते आणि ती मिळाली नाही तर ती वाढतच नाही. म्हणून इथली भिंत पाणी शंभर टक्के अडवायच्या भानगडीत पडत नाही. सगळ्यात बाहेर फळ्या. फळ्यांच्या मागे पट्ट्या मारून दोन-तीन सेंटीमीटरची मोकळी जागा ठेवलेली, खाली उघडी आणि वरही उघडी, त्यातून हवा फिरत राहते, आणि फळीतून जे थोडं पाणी आत झिरपतं ते तिथेच खाली गळून जातं किंवा वाळतं. त्याच्या आत वारा अडवणारा पण वाफेला बाहेर सोडणारा एक थर, मग लाकडी चौकट आणि तिच्यात ठासून भरलेलं रॉकवूल, म्हणजे ऊब धरून ठेवणारा, दगडाच्या तंतूंचा कापसासारखा थर, आणि खोलीच्या बाजूला प्लास्टिकचा पातळ पडदा. तो कशाला, तर थंडीत घरात आपण स्वयंपाक करतो, आंघोळी करतो, कपडे वाळत घालतो, ती सगळी वाफ भिंतीत शिरली तर गार जागी पोचून तिचं पाणी होणार, फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला घाम सुटतो ना, अगदी तसं.

नवी फळी बसवताना आजोबांनी मला खिळा मारायला शिकवलं. इथे भिंतीवर फळ्या उभ्या लावायची एक जुनी पद्धत आहे, आधी खालच्या फळ्या थोडं थोडं अंतर सोडून, आणि मग त्या फटी झाकतील अशा वरच्या फळ्या. मी सरळ वरच्या फळीतून खालच्या फळीत आरपार खिळा मारायला निघाले होते, त्यांनी हात धरला. वरच्या फळीचा खिळा खालच्या दोन फळ्यांच्या मधल्या फटीतून जायला हवा, कारण लाकूड रुंदीत फुगतं आणि आकसतं, लांबीत जवळजवळ नाहीच, आणि दोन फळ्या एकमेकींना ठोकून ठेवल्या तर एक ओली आणि एक कोरडी असताना त्या एकमेकींना ओढतात आणि चीर पडते. फळीचा गाभ्याकडचा भाग बाहेर ठेवायचा. खालचं टोक तिरकं कापायचं, म्हणजे पागोळी बाहेरच्या कडेवरून सुटते, आत वळत नाही. आणि उंदरांसाठी फोम नाही, तर बारीक जाळी. एवढ्या एका फळीत किती विचार आहे बघा.

हे शहाणपण आलं कुठून? मार खाऊन आलं. इथली सगळ्यात जुनी लाकडी चर्चं बांधली तेव्हा खांब सरळ जमिनीत पुरायचे, ते खालून कुजून गेले. मग बाराव्या शतकाच्या सुमाराला दगडी पायावर आडवी जाड तुळई ठेवून तिच्यावर खांब उभे करायला लागले, म्हणजे आपल्याकडे जोतं बांधून घर उचलून घेतात तसंच म्हणा ना, आणि अंगाला पाइनच्या लाकडाचं डांबर. सोग्न फियोर्ड म्हणजे डोंगरांमधून खोल आत शिरलेली समुद्राची खाडी, तिच्या एका फाट्यावरचं उर्नेसचं चर्च साधारण ११३० च्या आसपासचं आहे, आजही उभं, १९७९ पासून युनेस्कोच्या यादीत. अशी चर्चं नॉर्वेभर शेकड्यांनी होती, उरली २८.

पाण्याचं जमलं, पण आगीने या लोकांना फार रडवलं. बर्गनचा बंदरावरचा ब्रिग्गेन भाग, फोटोत दिसतात त्या लाल-पिवळ्या त्रिकोणी माथ्याच्या लाकडी इमारती, तो १७०२ मध्ये जळाला आणि पुन्हा तसाच लाकडात उभा केला. स्वीडनमध्ये २५ जून १८८८ ला एकाच दिवशी सुंड्सवाल आणि उमेओ अशी दोन शहरं जळली. उमेओने मग रस्ते रुंद केले आणि आग पसरू नये म्हणून कडेने बर्चची झाडं लावली, आजही त्याला बर्चचं शहर म्हणतात. नॉर्वेत २३ जानेवारी १९०४ च्या रात्री ओलेसुंड जळालं आणि दगड-विटांत नव्याने बांधलं गेलं. स्वीडनने तर १८७४ मध्येच दोन मजल्यांपेक्षा उंच लाकडी इमारत नको असा नियम केला, तो उठला थेट १९९४ मध्ये. म्हणजे १२० वर्षं, सुतारांच्या चार-पाच पिढ्या गेल्या की यात.

बंदी उठल्यावर जे सुरू झालं ते बघण्यासारखं आहे. आता एक अख्खं खोड वापरत नाहीत, पातळ फळ्या एकावर एक चिकटवून जाडजूड तुळया करतात, त्याला ग्लुलॅम म्हणतात, आणि फळ्यांचे थर आडवे-उभे चिकटवून भिंतीएवढे पॅनल करतात, ते सीएलटी. आगीचं उत्तर या जाडीतच आहे. जाड लाकूड पेटलं की वरून कोळसा होतो आणि तो कोळसाच आतल्या लाकडाला उष्णतेपासून सांभाळतो, मिनिटाला साधारण पाऊण मिलिमीटरच्या आतच ते जळत आत सरकतं. हिशेब करा, दीड तासात सहा सेंटीमीटर. इंजिनिअर तेवढी जाडी आधीच जास्तीची धरतो. बारीक काडी भुर्रकन जळते आणि चुलीतला ओंडका रात्रभर धुमसतो, हे गावाकडच्या कुणाला सांगायला नको.

आमच्याच बर्गनमध्ये पाण्याच्या काठावर ट्रेएट नावाची १४ मजली इमारत आहे, २०१५ ची, ट्रेएट म्हणजे झाड. ग्लुलॅमचा मोठा सांगाडा आणि त्यात कारखान्यात तयार करून आणलेल्या खोल्या खोक्यांसारख्या रचलेल्या. मला यातली आवडलेली गोष्ट म्हणजे त्या सांगाड्यावर झड येऊ नये म्हणून त्याला बाहेरून काच आणि पत्र्याचं आवरण दिलंय, तो आजोबांचाच विचार, फक्त १४ मजल्यांवर. मग २०१९ मध्ये म्योसा तलावाकाठी ब्रुमुन्डाल गावात म्योस्टोर्नेट झाली, १८ मजले, ८५.४ मीटर, तेव्हाची जगातली सगळ्यात उंच लाकडी इमारत. तिच्यात वरच्या मजल्यांची जमीन मात्र काँक्रीटची आहे, कारण लाकूड हलकं, वारा आला की इमारत झुलते आणि वर राहणाऱ्यांना ते जाणवतं, म्हणून वर मुद्दाम वजन ठेवलं. काही जण म्हणतात मग ती लाकडाची कसली, मला ते पटत नाही, जिथे जे लागतं तिथे ते वापरावं. उंचीच्या शर्यतीत मात्र मला फारसा रस नाही.

मला जास्त भावतो तो स्वीडनमधल्या वेक्शो गावचा लिम्नोलोगेन, २००९ चा. आठ मजल्यांच्या चार इमारती, तळमजला काँक्रीटचा आणि वरचे सात लाकडाचे. बांधताना वर मोठा तंबू उभारला होता, काम वर चढेल तसा तंबूही वर, कारण कोरडं लाकूड भिंतीत जाईपर्यंत कोरडंच राहायला हवं. वाऱ्याला टिकाव म्हणून भिंतींतून वरपासून खालपर्यंत लोखंडी सळया घातल्यात, आणि लाकूड वाळून थोडं बसलं की त्या पुन्हा आवळायच्या असतात. इमारत बांधून झाली तरी तिच्याकडे बघत राहायचं, हे इथे नकाशातच धरलेलं असतं.

मला कुणी विचारतं, लाकूड म्हणजे झाडं तोडणं, त्याचं काय. प्रश्न बरोबर आहे. स्वीडनमध्ये १९०३ पासून कायदा आहे की जंगल तोडलं तर तिथे पुन्हा जंगल उभं करायचं, आणि सुक्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मा कार्बन असतो, तो घर उभं आहे तोवर भिंतीतच राहतो. पण ओळीने लावलेली एकाच जातीची झाडं म्हणजे जंगल नाही, हेही खरं, आणि त्यावर इथे जोरात भांडणं चालू आहेत, चालायलाच हवीत. मला एवढंच वाटतं की घर जितकी जास्त वर्षं टिकेल तितकं ते झाड कारणी लागलं.

आमच्या त्या भिंतीला आता तीन वर्षं झाली. दर एप्रिलमध्ये मी खाली बसून बोटाने ती तिरकी टोकं तपासते, जाळीत अडकलेली पानं काढते, आणि हात फटीपाशी धरून बघते. आतून बारीकशी गार हवा लागते हाताला. आजोबा कुंपणापलीकडून विचारतात, येतेय का हवा, आणि मी म्हणते, येतेय.