पहिली भूमिका आणि घरची साथ

श्रोतेहो, नमस्कार.

गावातल्या हौशी संस्थेचं नाटक बसतंय, त्यात एक भूमिका आहे, कराल का, असा निरोप येतो. मनात केव्हाच होकार झालेला असतो, पण तोंडून निघतं, ‘घरी विचारून सांगते.’ आज बोलायचंय ते या घरी विचारण्याबद्दल.

नुसतं ‘नाटकात काम करू का?’ असं विचारून मिळालेला होकार टिकत नाही. आपण कशाला हो म्हटलं, हे घरच्यांना कळलेलंच नसतं. मग तिसऱ्या आठवड्यात तालीम लांबते, रात्रीचे साडेदहा होतात आणि घरात कुरबूर सुरू होते. म्हणून आधी दिग्दर्शकाला विचारा: तालीम कुठे, किती वाजता, आपली भूमिका किती प्रवेशांत आहे, प्रयोग कोणत्या महिन्यात. राज्य हौशी नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी बहुधा नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास येते. म्हणजे तालमी ऐन नवरात्र-दिवाळीत, फराळाच्या आणि पाहुण्यांच्या दिवसांत. हे सासूबाईंशी, नवऱ्याशी, मुलांशी आधीच मोकळेपणानं बोला.

दोन अंकी नाटकाला साधारण दोन महिने धरा. सुरुवातीचे आठ-दहा दिवस वाचन, मग हालचाली, मग अंकवार तालमी. हालचाली बसवताना आपला प्रवेश नसेल त्या दिवशी सुट्टी मागता येते. शेवटचे दहा दिवस मात्र संध्याकाळ पूर्ण नाटकाची. घरच्यांकडून जास्तीची मदत या दहा दिवसांसाठी मागा, आणि नेमकी मागा: रात्रीचा स्वयंपाक कोणाकडे, मुलांचा अभ्यास कोण घेईल, तालमीहून आणायला कोण येईल. ‘सांभाळून घ्या’ म्हटलं की कोणीच काही घेत नाही.

घरच्यांची सर्वांत मोठी मदत होते ती पाठांतराला. समोरच्या पात्राच्या वाक्याचे शेवटचे चार-पाच शब्द म्हणजे आपला क्यू. नवऱ्यानं किंवा मुलीनं संहिता हातात घेऊन तो द्यायचा. बरेच नवे कलाकार फक्त स्वतःची वाक्यं ओळीनं पाठ करतात. मग सहकलाकारानं एक वाक्य गाळलं की ते जागच्या जागी थांबतात. म्हणून क्यू मधूनच, कुठूनही द्यायला सांगा. पाठ करताना वाक्यं सपाट म्हणा. घरचं माणूस कौतुकानं ‘असं नको, असं म्हण’ सांगतं, तो सूर जिभेवर बसतो आणि पुढे दिग्दर्शकाला तो मोडता मोडत नाही. शिवाय एका जागी बसून पाठ केलेलं उभं राहिल्यावर हमखास विसरतं. भाजी चिरताना, कपड्यांच्या घड्या घालताना म्हणा, आणि हालचाली ठरल्या की त्या करत म्हणा.

धीर येण्याची वाट पाहत बसू नका. घरातल्या दोघा-तिघांसमोर एक प्रवेश पूर्ण आवाजात करून पाहा. पहिल्यांदा लाज वाटेल, हात कुठे ठेवावेत कळणार नाही. हे सगळं अनोळखी प्रेक्षकांसमोर होण्यापेक्षा आपल्या माणसांत झालेलं कितीतरी बरं.

घरच्या माणसाची साथ आपल्या रंगभूमीला नवी नाही. १९३३ साली नाट्यमन्वंतर संस्थेनं ‘आंधळ्यांची शाळा’ रंगमंचावर आणलं. पुरुषांनी स्त्रीपार्टी करण्याचा प्रघात तेव्हा मोडला नव्हता. त्या नाटकात बिंबाची भूमिका ज्योत्स्ना भोळे यांनी केली, आणि संगीत होतं त्यांचे पती केशवराव भोळे यांचं. मला या जोडीचं मोल फार वाटतं. परवानगी देऊन बाजूला होणं सोपं असतं, केशवराव त्याच नाटकाच्या कामात उभे होते.

शेवटचं, रंगीत तालमीचं. दिग्दर्शकाला विचारून घरच्या एकाला शेवटच्या रांगेत बसवा. अभिनय कसा झाला हे त्यानं सांगायचं नाही. वाक्याचा शेवटचा शब्द तिथवर पोचतो का, एवढंच ऐकायचं. मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येतं, आणि श्वास संपला की नेमकं तेच गिळलं जातं. ‘मी जाणार नाही’ मधला ‘नाही’ ऐकू आला नाही, तर प्रेक्षकाला उलटंच कळतं. असे शब्द त्यानं कागदावर टिपून ठेवावेत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आपण त्या वाक्यांत श्वास कुठे घ्यायचा ते ठरवावं.