मांडवी घाण नेमकी कधी असते?

ही गोव्यात रायबंदरहून चोडणला जाणारी फेरीबोट, जुलै महिना, आणि खाली मांडवीचं पाणी बघा, दुधाच्या चहासारखं. बोटीवर कुणीतरी म्हणतंच, काय घाण झालीय रे नदी. तीच नदी मे महिन्यात बघा, हिरवट, बरीच निवळलेली, फोटो काढावा अशी, आणि तेव्हा कुणी चकार शब्द काढत नाही. खरं तर काळजी तेव्हा करायची.

हा रंग मातीचा. गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर, तो घाटातली माती घेऊन खाली येतो. पहिला पाऊस मात्र बेकार, रस्ते, गटारं, गोठे सगळं धुऊन तो नदीत आणतो. पण नंतर लोंढा एवढा वाढतो की सांडपाणी पातळ होऊन समुद्राकडे ढकललं जातं आणि खाडीतला खारटपणा पार उतरतो.

याचा त्रास तिसऱ्या नावाच्या खाडीतल्या शिंपल्यांना, म्हणजे गोडं पाणी आलं म्हणून त्या बिचाऱ्या उठून कुठे जाणार, शिंपला घट्ट मिटून बसायचं, आणि ते फार दिवस चाललं तर मरायचं. शेवटे, काळुंदर या माशांना गोडं-खारं दोन्ही पाणी चालतं. आणि वर ओहोळांत तेव्हाच चढणीचे मासे, ती मजा वेगळीच.

दिवाळीनंतर वरून येणारं पाणी आटत जातं आणि नदीचा ताबा भरती घेते. भरतीचा जोर पार गांजे गावापर्यंत, मुखापासून जवळपास 50 किलोमीटर आत. म्हणजे मे महिन्यात जे नदीत पडतं ते ओहोटीला खाली जातं आणि भरतीला परत वर येतं, दिवसातून दोनदा, नुसता झोपाळा. त्यात पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो. गोड्या पाण्यात 20 डिग्रीला लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम, 30 डिग्रीला साडेसात, आणि तेच समुद्राइतकं खारं असेल तर सहाच्या आसपास. आंघोळीच्या पाण्यासाठी सरकारी मापदंड किमान 5. म्हणजे हाताशी उरतो जेमतेम एक मिलिग्रॅम, आणि त्यावरच सांडपाणी कुजवणारे बॅक्टेरिया ताव मारतात.

मांडवी तरी मोठी. साळ नदी वेर्ण्याकडून येऊन बेतूलला समुद्राला मिळते, तिला घाटातलं पाणीच नाही, उन्हाळ्यात वरचा प्रवाह अगदी बारीक आणि बाजूला मडगावसारखं शहर. 2018 साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातले 351 प्रदूषित नदीपट्टे काढले त्यात गोव्यातले 11, आणि साळ त्यात होतीच.

म्हणून कुणी पाण्याचा रिपोर्ट पुढे केला की मी आकडे नंतर बघतो, आधी विचारतो सॅम्पल कुठल्या महिन्यात घेतलं आणि तेव्हा भरती होती की ओहोटी. खाजन शेतीवाल्यांना, म्हणजे खाडीकाठी बांध घालून शेती करणाऱ्यांना, हे शिकवावं लागत नाही. पावसाने शेतातलं मीठ धुतलं गेलं की ते खारं सोसणारं कोरगूट भात लावतात, आणि भरतीचं पाणी येऊन टेकलं की मानशीचं, म्हणजे बांधातल्या पाणवाटेचं, लाकडी दार आपोआप बंद होतं.